'सॉरी' म्हणजे दुखतंय

परवाची गोष्ट. संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. आत दोन नातवंडांची झटापट चालली होती. थोरलीने धाकट्याच्या हातातली गाडी ओढली, गाडीचे चाक निघाले आणि धाकट्याने घर डोक्यावर घेतले. सूनबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "आधी त्याला सॉरी म्हण!" थोरलीने मोबाईलवरची नजरसुद्धा न काढता "सॉरी" म्हटले. धाकटा रडायचा थांबला नाही. उलट माझ्याकडे येऊन तक्रार करू लागला, "आजोबा, तिचं सॉरी खोटं आहे!"

चार वर्षांचे पोर. त्याला व्याकरण ठाऊक नाही, धर्मशिक्षणाचा वर्ग अजून सुरू व्हायचा आहे. पण सॉरी खरे कोणते आणि खोटे कोणते हे त्याला कळते. त्याच्या त्या वाक्याने मी दोन दिवस अस्वस्थ होतो. का, ते पुढे सांगतो. आधी या एवढ्याशा शब्दाकडे जरा पाहू या.

दिवसातून किती वेळा?

आपल्या बोळिंजमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत हा शब्द किती वेळा कानावर पडतो, मोजून पाहा. रिक्षाच्या रांगेत धक्का लागला, सॉरी. म्हाडाच्या नव्या इमारतीत लिफ्टचे दार चुकून बंद झाले, सॉरी. फोन उचलायला उशीर झाला, सॉरी. घरात आपण आपली बोली बोलतो, देवळात मराठीत प्रार्थना करतो, पण माफी मागायची वेळ आली की जिभेवर इंग्रजी शब्द येतो. आपले वाडवडील हा शब्द वापरत नव्हते. 'चुकलं माझं', 'माफ कर', 'पदरात घे' असे ते म्हणत. आपण मात्र ते शब्द ठेवणीतल्या लुगड्यासारखे पेटीत ठेवून दिले आहेत.

असे का झाले असावे? कारण उघड आहे. 'चुकलं माझं' हे शब्द घशातून बाहेर पडताना अडतात. त्यांत 'माझं' आहे. ते म्हणताना मान खाली जाते. 'सॉरी' मात्र सुळकन निसटतो. परक्या भाषेतला शब्द आपल्याला टोचत नाही. म्हणजे ज्या शब्दाने दुखत नाही, असा शब्द आपण शोधला आणि तो आपल्याला सापडला.

पण गंमत पुढेच आहे. या शब्दाचे मूळ शोधले तर हाती काय लागते? दुखणे!

शब्दाच्या पोटात काय आहे?

हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत 'सार' असा शब्द होता. त्याचा अर्थ जखम, वेदना, ठणकणारी जागा. आजच्या इंग्रजीत तोच शब्द 'सोअर' झाला आहे. घसा दुखतो तेव्हा डॉक्टर 'सोअर थ्रोट' म्हणतात, तो हाच. या 'सार'पासून 'सारिग' हे विशेषण तयार झाले आणि त्याचेच आज 'सॉरी' झाले आहे. तेव्हा 'आय अ‍ॅम सॉरी' याचा मुळातला अर्थ 'मला माफ करा' असा नाही. 'मला दुखते आहे', 'माझे मन ठणकते आहे' हा त्याचा अर्थ.

पुष्कळांना वाटते की दुःख या अर्थाचा 'सॉरो' आणि हा 'सॉरी' एकाच मुळाचे आहेत. तसे नाही. 'सॉरो'चे मूळ 'सोर्ग' हा वेगळा शब्द आहे. काळजी, चिंता, शोक असा त्याचा अर्थ. दोन्ही शब्द शेजारी शेजारी राहिले, अर्थाने जवळचे, आवाजानेही जवळचे. त्यामुळे एकाचे वळण दुसऱ्याला लागले. शेजारी राहणाऱ्या दोन घराण्यांना लोकांनी भाऊबंद समजावे तसेच हे.

एकट्या 'सॉरी'ने चूक कबूल करण्याची रीत त्यामानाने अलीकडची, एकोणिसाव्या शतकातली. आधी माणूस 'मी दुःखी आहे' असे पूर्ण वाक्य बोलत असे. मग 'मी' गळला, 'आहे' गळले, नुसते 'सॉरी' उरले. वाक्य आखूड झाले तसे त्यातले दुखणेही आखूड होत गेले. कुणी मरण पावल्याचे कळले की इंग्रजी माणूस आजही सॉरी म्हणतो. त्याने काही त्या माणसाला मारलेले नसते. तिथे या शब्दाचा जुना अर्थ अजून जिवंत आहे: तुमचे दुःख मला दुखते.

आपले शब्द काय सांगतात?

आता आपल्याच मराठीकडे वळू. आपल्याकडे एक नव्हे, चार-पाच शब्द आहेत आणि प्रत्येकाच्या पोटात एकेक चित्र आहे.

'माफ' हा अरबीतून आलेला शब्द. ज्या धातूपासून तो आला त्याचा अर्थ पुसून टाकणे, खूण नाहीशी करणे. वाळूवरची पावले वारा पुसून टाकतो तसे. 'क्षमा' संस्कृत. तिच्या मुळाशी सहन करणे आहे, आणि संस्कृतात 'क्षमा' हे पृथ्वीचेही नाव आहे. आपण तिला नांगरतो, खणतो, तिच्यात विहिरी आणि बावखले खोदतो, आणि ती आपल्याला केळी देते, पानवेल देते. 'पश्चात्ताप' म्हणजे मागाहून होणारा ताप. चूल विझते, पण राखेखाली निखारा धगधगत राहतो, तो पश्चात्ताप.

आणि 'दिलगीर'? विरार लोकल उशिरा धावते तेव्हा फलाटावरच्या ध्वनिक्षेपकातून रेल्वे आपल्यापाशी रोज दिलगिरी व्यक्त करते. कुणी लक्षही देत नाही. पण हा शब्द फारसी आहे. 'दिल' म्हणजे हृदय आणि 'गीर' म्हणजे धरणारा, पकडणारा. 'गिरफ्तार'मध्ये जी पकड आहे तीच इथे. दिलगीर म्हणजे ज्याचे काळीज कुणीतरी मुठीत धरले आहे असा माणूस.

बंधू-भगिनींनो, पाहा कसे आहे. इंग्रजीत जखम, फारसीत आवळलेले काळीज, संस्कृतात ताप. लॅटिन भाषेत ख्रिस्तसभा पश्चात्तापासाठी 'कोन्त्रित्सियो' हा शब्द वापरते. त्याच्या मुळाशी दळणे, चुरणे आहे. पाट्यावर वरवंट्याखाली मिरची चुरली जाते तसे मन चुरले जाणे. वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी एकमेकांना न विचारता माफीच्या शब्दांत हे दुखणे का घालून ठेवले असेल? कारण त्यांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक होती: दुसऱ्याची जखम जोवर मला दुखत नाही, तोवर मी माफी मागितलेली नसते. मी फक्त आवाज काढलेला असतो.

'सॉरी, पण...'

इंग्रजीत माफीला दुसराही एक शब्द आहे, 'अपॉलॉजी'. त्याचे मूळ ग्रीक 'अपोलोगिया'. त्याचा अर्थ मात्र अगदी उलटा: बचावाचे भाषण. इसवी सन पूर्व ३९९ मध्ये अथेन्सच्या न्यायालयात सॉक्रेटिसवर खटला चालला. त्याने केलेल्या भाषणाचा वृत्तान्त त्याचा शिष्य प्लेटो याने लिहिला. त्या पुस्तकाचे नाव 'अपोलोगिया'. त्यात सॉक्रेटिस कुणाची माफी मागत नाही. आपले काही चुकलेले नाही, हेच तो ठामपणे मांडतो.

आता आपण आपल्या घरातल्या माफ्या आठवू या. "सॉरी, पण तूच आधी बोललीस." "सॉरी, पण माझा हेतू तसा नव्हता." "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी." यातले सॉरी कुठे संपते आणि वकिली कुठे सुरू होते? तोंडात 'सॉरी' असते आणि पोटात 'अपोलोगिया'. 'पण' हा शब्द आला की जखमेवरून आपला हात निघतो आणि आपल्या अब्रूवर जाऊन बसतो. 'वाईट वाटलं असेल तर' ही तर आणखी मोठी चलाखी. यात माझी चूक राहतच नाही, तुझ्या हळवेपणाचा दोष होतो.

कायद्यालाही ही दुहेरी चाल ठाऊक आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००६ साली एक कायदा केला. माणसाने सॉरी म्हटले म्हणून त्याने गुन्हा कबूल केला असे न्यायालयाने धरू नये, असे त्यात सांगितले आहे. का करावा लागला असा कायदा? कारण अपघात झाला, शस्त्रक्रियेत चूक झाली, तरी भरपाईच्या भीतीने माणसे सॉरी म्हणायला घाबरत होती. म्हणजे एकीकडे आपण हा शब्द दिवसातून वीस वेळा फुकट उधळतो आणि जिथे तो खरोखर हवा असतो तिथे तो आपल्याला परवडत नाही!

आकाशात लिहिलेला शब्द

एका संपूर्ण देशाला या एका शब्दासाठी अकरा वर्षे वाट पाहावी लागली. तो देश ऑस्ट्रेलिया. विसाव्या शतकात, साधारण १९१० पासून १९७० पर्यंत, तिथल्या सरकारी धोरणामुळे मूळनिवासी घरांतील असंख्य मुले आईबापांपासून तोडून अनाथालयांत, मिशनच्या संस्थांत आणि गोऱ्या कुटुंबांत ठेवली गेली. १९९७ साली याविषयीचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला. २६ मे १९९८ रोजी तिथे पहिला 'सॉरी दिवस' पाळला गेला. ऑगस्ट १९९९ मध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी संसदेत ठराव मांडला. त्यात त्यांनी मनापासून खेद व्यक्त केला, पण सॉरी हा शब्द काही त्यांनी वापरला नाही. आजच्या पिढीने मागच्या पिढीच्या कृत्याची माफी का मागावी, असा त्यांचा प्रश्न होता.

लोकांना ते पटले नाही. २८ मे २००० रोजी सिडनीच्या बंदरावरच्या पुलावरून लाखो माणसे चालत गेली. त्या दिवशी एका विमानाने धुराने आकाशात एकच शब्द लिहिला: सॉरी. अखेर १३ फेब्रुवारी २००८ रोजी नवे पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत उभे राहून तो शब्द उच्चारला, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. ती हिरावलेली मुले, आता म्हातारी झालेली, तिथे बसून रडत होती. आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या मूळनिवासी समाजात कुणी वारले की जे शोकविधी होतात त्यांना ते इंग्रजीत 'सॉरी बिझनेस' म्हणतात. ज्यांना लुबाडले गेले त्यांनीच त्या शब्दाचा जुना, खरा अर्थ सांभाळून ठेवला होता.

आपल्या देशातही असा प्रसंग घडला. १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत निःशस्त्र माणसांवर गोळीबार झाला. शंभर वर्षांनी, १० एप्रिल २०१९ रोजी, ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे यांनी आपल्या संसदेत खेद व्यक्त केला, माफी मागितली नाही. त्याच वर्षी १० सप्टेंबरला कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी अमृतसरला आले. मी सरकारच्या वतीने बोलू शकत नाही, हे त्यांनी आधीच सांगितले. मग आपल्याला वाटणारी लाज आणि दुःख बोलून दाखवले आणि ते त्या भूमीवर पालथे पडले. कागदावरचा खेद आणि मातीला टेकलेले कपाळ यांतला फरक शब्दकोश सांगत नाही, पण धाकट्या नातवालाही तो कळेल.

आपल्या ख्रिस्तसभेनेही हे केले आहे. १२ मार्च २००० रोजी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्तसभेच्या लेकरांनी शतकानुशतके केलेल्या पापांची देवाजवळ क्षमा मागितली. पूर्वजांच्या चुकांची माफी आपण का मागायची, असे तेव्हा काहींनी विचारले. हॉवर्ड यांचाही प्रश्न तोच होता. त्याचे उत्तर शब्दाच्या मुळातच आहे. 'मी ते केले' असे सॉरी म्हणत नाही. 'ते मला दुखते' असे म्हणते. आजोबांनी शेजाऱ्याचा बांध कोरला असेल, तर तो गुन्हा नातवाचा नाही. पण ती जमीन आज आपल्या ताब्यात असताना, त्यावरची केळी आपण खात असताना, 'माझा काय संबंध' असे म्हणणे हा मात्र नातवाचाच गुन्हा.

माझे सॉरी

आता सांगतो, नातवाच्या बोलण्याने मी अस्वस्थ का झालो.

मी शिक्षक होतो. तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीच्या वर्गात एका मुलाचे सहलीचे वीस रुपये कंपासपेटीतून नाहीसे झाले. वर्गात एक मुलगा होता, अंगावर जुना गणवेश, वडील दुसऱ्यांच्या वाड्यांत मजुरीला जात. मी कुणाला काही विचारले नाही. सरळ त्याला उभे केले. तो नाही म्हणाला. मी सगळ्या वर्गासमोर त्याच्या दोन थोबाडीत मारल्या आणि चोर म्हटले. तिसऱ्या दिवशी ते वीस रुपये पैसे हरवलेल्या मुलाच्याच वहीच्या खाकी कव्हरमध्ये सापडले.

मला वाईट वाटले, खरेच वाटले. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीजवळ तो मला दिसला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "सॉरी रे बाळा. विसरून जा आता." तो "हो सर" म्हणाला. विषय संपला. त्या आठवड्यात मी पापनिवेदनही केले आणि हलक्या मनाने घरी आलो.

काही वर्षांपूर्वी एका लग्नाच्या मांडवात तो भेटला. आता त्याचे केस पिकू लागले आहेत, चांगला संसार आहे. बोलता बोलता तो दिवस निघाला. तो रागावला नाही. शांतपणे म्हणाला, "सर, मारलंत सगळ्यांसमोर. सॉरी म्हणालात व्हरांड्यात. वर्गाला कुणी सांगितलंच नाही. दहावीपर्यंत मला चोर म्हणून चिडवत होते. त्या दिवशी घरी बाबांनीही मारलं होतं. बाबा गेले. त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की मी पैसे घेतले होते."

माझ्या हातातली थाळी जड झाली. मराठीत म्हण आहे, जखम मांडीला आणि मलम शेंडीला. मी तेच केले होते. जखम केली भर वर्गात आणि मलम लावले जिथे कुणी नव्हते तिथे. तो व्हरांडा मी का निवडला, हे मी तोवर स्वतःला कधी विचारले नव्हते. उत्तर सोपे होते. व्हरांड्यात मला दुखणार नव्हते. आणि 'चुकलं माझं' ऐवजी 'सॉरी' का म्हणालो, याचेही उत्तर तेच.

जखम जिथे, तिथे

त्या रात्री मी शुभवर्तमान काढून बसलो. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले ते कुठे? महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात, कोळशाच्या शेकोटीपाशी, लोकांच्या देखत. नंतर प्रभूने त्याच्याकडे वळून पाहिले आणि तो बाहेर जाऊन रडला, असे संत लूक सांगतो. पण प्रभूने तेवढ्यावर ते संपवले नाही. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात समुद्रकिनारी पुन्हा एक कोळशाची शेकोटी आहे. इतर शिष्यांच्या देखत प्रभू पेत्राला प्रेमाविषयी तीनदा विचारतो, आणि तिसऱ्या वेळी पेत्राला दुःख होते. तीन नकारांना तीन उत्तरे. जिथे जखम, तिथेच हात.

यहूदालाही वाईट वाटले होते, हे आपण विसरतो. आपले पाप त्याने बोलून दाखवले, तीस नाणीही परत नेली (मत्तय २७:३-५). पण तो गेला कुणाकडे? ज्यांना त्या जखमेशी काही देणेघेणे नव्हते अशा याजकांकडे. ज्याचा विश्वासघात केला त्याच्याकडे तो गेला नाही. संत मत्तयाने तिथे वापरलेला ग्रीक शब्दही वेगळा आहे. मागाहून वाईट वाटणे एवढाच त्याचा अर्थ. मन पालटून वळणे, ज्याला 'मेतानोइया' म्हणतात, तो शब्द तिथे नाही. यहूदाचा न्याय करणारे आपण कोण? पण वाईट वाटणे आणि वळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याच्यापासून शिकता येते.

आणि जक्कयाचे पाहा (लूक १९:१-१०). त्याच्या तोंडी माफीचा एकही शब्द नाही. तो उभा राहतो आणि आकडे सांगतो: अर्धी मालमत्ता गोरगरिबांना, लुबाडले असेल त्याला चौपट. लोकांचे खिसे त्याने कापले होते, त्याचे सॉरी त्याच्या खिशातून आले. ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथातही (क्र. २४८७) हेच स्पष्ट केले आहे. न्यायाविरुद्ध आणि सत्याविरुद्ध केलेल्या अपराधाची देवाने क्षमा केली, तरी नुकसान भरून देण्याचे कर्तव्य उरतेच, आणि दुसऱ्याच्या नावाला लावलेला बट्टाही त्यात येतो. म्हणजे पापनिवेदनाने माझे पाप गेले. त्याच्या कपाळावरचा 'चोर' हा शिक्का मात्र मीच पुसायचा होता.

न दुखताच म्हटले तर?

इथे कुणी विचारील, मन दुखल्याशिवाय सॉरी म्हणूच नये का? मग मुलांना 'सॉरी म्हण' असे शिकवणे म्हणजे खोटे बोलायला शिकवणे आहे का?

प्रश्न योग्य आहे. मला वाटते, शिकवावे. ख्रिस्तसभा माणसाला ओळखून आहे. १५५१ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने पूर्ण पश्चात्ताप आणि अपूर्ण पश्चात्ताप असा भेद सांगितला. देवावरच्या प्रेमाने झालेला तो पूर्ण. पापाच्या ओंगळपणाने किंवा शिक्षेच्या भीतीने झालेला तो अपूर्ण. पण अपूर्णालाही परिषदेने खोटा म्हटले नाही. तीही देवाचीच देणगी, तो माणसाला साक्रामेंताच्या दारापर्यंत आणतो. म्हणजे थोडेसे दुखले तरी सुरुवात करता येते. मुलाच्या तोंडी आधी शब्द येतो, त्यातला अर्थ मागाहून येतो. 'आमच्या बापा' ही प्रार्थनासुद्धा आपण अर्थ कळण्याआधीच पाठ केली होती. पण मुलाला शब्द शिकवून आपण थांबलो तर मात्र घात होतो. 'सॉरी म्हण' याच्या पुढे 'बघ, त्याला कुठे लागलं' हेही शिकवायला हवे.

दुसरी एक गोष्ट. सॉरी म्हटले की समोरच्याने लगेच माफ केलेच पाहिजे, असे आपण धरून चालतो. "सॉरी म्हटलं ना, आता काय!" हे वाक्य आपल्या किती घरांत ऐकू येते! जणू सॉरी हे नाणे आहे, टाकले की क्षमा बाहेर पडली पाहिजे. उधळ्या पुत्राने असा हिशेब केला नव्हता. चाकर म्हणून ठेवा, एवढेच मागायचे त्याने ठरवले होते. मिठी आणि मेजवानी ही बापाची मर्जी होती, मुलाचा हक्क नव्हे. जखम ज्याची आहे त्याला ती भरायला किती दिवस लागतील हे जखम करणाऱ्याने ठरवू नये.

शेवटी

त्या बॅचच्या मुलांचे पुढच्या वर्षी स्नेहसंमेलन झाले. मलाही बोलावले होते. सत्कार झाल्यावर मी माईक हातात घेतला. ते वीस रुपये, ती वही, ते कव्हर, सगळे सांगितले. "तो चोर नव्हता. मी खोटा ठरलो होतो आणि ते तुम्हा सर्वांपासून लपवले. चुकलं माझं," असे म्हणालो. या वेळी मराठीत म्हणालो. घसा दाटून आला. दुखले.

तो उठून आला नाही, माझ्या गळ्यात पडला नाही. जेवताना माझ्या बाजूने जाताना थांबला आणि म्हणाला, "बरं केलंत, सर." मग वाढून घ्यायला निघून गेला. त्याच्या वडिलांना मी आता काही सांगू शकत नाही. ते ओझे माझ्याबरोबरच राहील. हा लेख छापायला देण्याआधी त्याला वाचून दाखवला. त्याने मान हलवली, म्हणून तो तुमच्या हाती आहे.

प्रभू सांगतो की अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथे तुला आठवले की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा (मत्तय ५:२३-२४). किती व्यवहारी सूचना! 'मनात माफी माग' असे नाही, 'जा' असे आहे. आपल्या बोळिंजमध्ये भावाचे घर किती लांब असते? कुठे एक कुंपण, कुठे एक सामायिक विहीर, कुठे एक बंद दरवाजा. अनोळखी माणसाला आपण लिफ्टमध्ये सॉरी म्हणतो आणि सख्ख्या भावाच्या अंगणात दहा-दहा वर्षे पाय ठेवत नाही.

त्या संध्याकाळी मी थोरल्या नातीला जवळ घेतले. सॉरी म्हणजे 'मला दुखतंय' असे तिला सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग उठली, चाक शोधून काढले आणि धाकट्याशेजारी बसून ते गाडीला बसवू लागली. काही बोलली नाही. धाकट्याने रडणे थांबवले.

*या आठवड्यासाठी चिंतन:*
१. माझे शेवटचे सॉरी मला दुखले होते का?
२. त्याच्या मागे 'पण' होता का?
३. जखम केली तिथेच मी मलम लावले की आडोशाला?
४. कुणाच्या अंगणात मला जायचे राहिले आहे?